सवतीचं बेअरिंग

७ जानेवारी

आणली. शेवटी आणलीच! लाल रंगाची, दोनच माणसांची, नाकाने लांब आणि पाठीने आखूड. माझ्याआधी तिचे तीन मालक होऊन गेलेत, पण त्याबद्दल मी तिला कधी काही विचारणार नाही. दुसऱ्या गेअरच्या वर न जाता घरापर्यंत आणली. फाटकाशी हॉर्न वाजवला. ही गॅलरीत आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "दोनच जागा? मग पोरगी सुट्टीत आली की तिला टपावर बसवायची का?"

मी म्हटलं, "तोवर तू बस की."

"मला काय कळतंय त्यातलं? या वयात घरात सवत आणलीत. आता नांदवा."

सवत तर सवत! मी आयुष्यभर लिफ्ट तपासत आलोय. दोर, ब्रेक, घंटी, पुढची इमारत. इतकी वर्षं वर-खाली केलेल्या माणसाला कधी आडवं धावावंसं वाटू नये का? खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि "चालते का?" एवढंच विचारलं. लोकांना दुसऱ्याचं सुख बघवत नाही.

१० जानेवारी

गाडी मेकॅनिकला दाखवून आणली. त्याला सगळे नाडीवैद्य म्हणतात, कारण तो लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतो, मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकत बसतो. फी घेण्याआधी एक सुस्कारा सोडतो, तोही वैद्यासारखाच.

तो म्हणाला, "साहेब, या जातीच्या गाडीचं सगळं झकास. एक बेअरिंग सोडून."

मग त्याने एक जुनं बेअरिंग हातावर ठेवलं. मला वाटलं होतं काहीतरी मोठं, गोळ्याबिळ्यांचं असेल. निघाली बांगडी मधोमध कापावी तशी दोन पातळ अर्धुकं. इंजिनात पिस्टनचे दांडे खालच्या फिरत्या दांड्याला जिथे धरतात, तिथे ही अर्धुकं बसतात. मध्ये तेलाचा पापुद्रा. सगळी पळापळ त्या पापुद्र्यावर. तो तुटला की धातूवर धातू, आणि मग इंजिनाचं वाटोळं.

"आमच्या गाडीची बेअरिंग चांगली आहेत की नाहीत, हे कसं कळणार?"

"उघडल्याशिवाय नाही कळत. आणि एवढं उघडल्यावर कुणी जुनी परत घालत नाही. नवीनच टाकायची. मग जुनी चांगली होती हे कळून करायचंय काय?"

लिफ्टच्या बाबतीत मला कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी इमारतीला कुलूप लावलं असतं. निघताना त्याने एकच सल्ला दिला, गार इंजिनाला रेस देऊ नका. मी तो मनावर कोरून घेतला. रेसच नको. गारही नको आणि गरमही नको. सावधपणात कंजुषी कशाला?

१३ जानेवारी

दिनक्रम बसला. सकाळी उठलो की आधी सवत चालू करायची आणि माझी दाढी, आंघोळ, चहा होईपर्यंत उभ्या उभ्या धगधगू द्यायची, म्हणजे तेल नीट पसरतं. मग टेकडीच्या रस्त्याने एक फेरी. शक्य तितक्या लवकर पाचवा गेअर टाकायचा, म्हणजे इंजिनाचा काटा खालीच लोळत राहतो. मग ऑफिसची जीप मला न्यायला येते आणि सवत दिवसभर घरी विश्रांती घेते.

आज चढावर एका सायकलवाल्या आजोबांनी मागे टाकलं. जाताना त्यांनी धीर दिल्यासारखा हातही केला. हिला हे कुठून कळलं देव जाणे. जेवताना म्हणाली, "एवढी पळणारी बाई आणलीत आणि वरातीत चालवताय."

हिला कसं सांगू की हळू चालवणं हेच खरं प्रेम असतं.

२९ जानेवारी

चमत्कार आहे. आज बसायला गेलो तर गुडघे स्टिअरिंगला थडकले. सीट चार बोटं पुढे! मी काही रातोरात उंच झालेलो नाही. विचार करता करता उलगडा झाला. बेअरिंग झिजली की इंजिन थरथरतं, आणि थरथरीने सीट रुळावरून हळूहळू पुढे सरकते. आरसाही खाली झुकला होता, त्याचंही तेच कारण. सीट मागे घेतली आणि रुळाला थोडं ग्रीस लावलं.

३१ जानेवारी

सीट पुन्हा पुढे. ग्रीस लावायला नको होतं.

६ फेब्रुवारी

पेट्रोल फार लागतंय. माझी ती एवढीशी फेरी, आणि काटा तळाला. नाडीवैद्याला फोनवर विचारलं, बेअरिंग झिजली तर पेट्रोल जास्त लागतं का? तो म्हणाला, इंजिन जड फिरलं तर लागू शकतं. झालं! किलोमीटरचा आकडाही भलताच पुढे पळालाय. थरथरीत आकड्याची चाकंसुद्धा आपोआप फिरत असणार. काचेवर किडे चिकटून मेलेले दिसले. उभ्या गाडीवर येऊन आपटण्याइतके आमच्याकडचे किडे मूर्ख असतील असं वाटलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र छान चालली आहे. ही खुशीत असते. सकाळी वाचनालय उघडते, दुपारी बंद करून घरी येते. पूर्वी संध्याकाळी मी आलो की हिच्या चेहऱ्यावर दिवसभराची "शांतता राखा"ची पाटी तशीच असायची. हल्ली गुणगुणत असते. गाल लाल, केस पिंजारलेले. म्हटलं, केसांचं काय झालं? म्हणाली, वाचनालयात नवा पंखा बसवलाय, फार जोरात फिरतो. एकच हात उन्हाने काळवंडलाय, कारण हिचं टेबल खिडकीशी आहे. मी म्हटलं, "टेबल हलव, नाहीतर एक पडदा लाव." तर इतकी हसली, इतकी हसली, की मलाही हसू आलं. कशाला हसलो ते कळलं नाही.

८ फेब्रुवारी

जिन्यात खालच्या काकू भेटल्या. "काय सुरेख वळते हो तुमची गाडी! टेकडीवरून खाली येते तेव्हा मी मुद्दाम खिडकीत येते बघायला."

मला भरून आलं. म्हातारीला गाडीतलं काही कळत नाही, पण संथ चालीतलं सौंदर्य तिने ओळखलं. म्हटलं, सकाळी जरा लवकर या, छान उजेड असतो. काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "सकाळी कुठे? सकाळी मी झोपलेली असते," म्हणाल्या. वय झालंय बिचारीचं.

१४ फेब्रुवारी

ऐकला. आज तो आवाज ऐकला.

टेकडीच्या चढावर, पाचव्या गेअरमध्ये, पाय जरा दाबला आणि इंजिनाच्या पोटातून ठक ठक ठक. कुणी आतून दार ठोठावावं तसा. गाडी कडेला घेतली, बंद केली आणि बॉनेटवर हात ठेवून उभा राहिलो. एवढी जपली, तरी! मी कधी हिला रागाने क्लच मारला नाही, कधी रेस दिली नाही. ज्यांनी पिदडली त्या तिघांना सोडून माझ्याच हातात यायचं होतं का हे?

(वरच्या ओळीत "हिला" म्हणजे सवतीला.)

१६ फेब्रुवारी

नाडीवैद्याला शेजारी बसवून चढावर नेलं. मी चालवली, त्याने डोळे मिटून ऐकलं. पुन्हा ठक ठक. त्याने तेलाची काडी बाहेर काढून वास घेतला. तेलात पेट्रोल उतरलंय म्हणाला. मग तो सुस्कारा.

"बेअरिंग चाललीत साहेब. आज, उद्या, सहा महिन्यांनी, काही सांगता येत नाही. इंजिन खाली उतरवून उघडावं लागेल."

"आणि आतला दांडाच खराब निघाला तर?"

"तर इंजिन गेलं म्हणायचं."

मनुष्य म्हणून मी भित्रा आहे असं नाही. पण जे उघडल्यावर कदाचित मेलेलंच निघेल, ते उघडायला माझा हात होत नाही.

१८ फेब्रुवारी

ठरवलं. विकणार. बेअरिंग बोलायला लागलंय हे घेणाऱ्याला स्पष्ट सांगून विकणार. लिफ्टवाल्याने खोटं बोलायचं नसतं. पण माझ्या डोळ्यांदेखत ती मरू नये.

हिला सांगितलं तेव्हा ही गॅसपाशी होती. दूध उतू गेलं तरी हिचं लक्ष नाही.

"विकायची? कशाला? ती काय मागतेय तुमच्याकडे?"

"अगं, कधीही बंद पडेल. मधेच. भर रस्त्यात."

"पडू दे की. पडली तर चालत येईन."

"तू कशाला चालत येशील? चालत मी येईन."

हिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "अहो, उघडून नवीन बेअरिंग टाका. आतलं बघायला भीती वाटत असेल तर मी बघते." डोळ्यांत चक्क पाणी होतं. माझं दुःख हिला एवढं लागेल असं मला वाटलं नव्हतं. या बाबतीत मी फार नशीबवान आहे.

२४ फेब्रुवारी

जाहिरात दिली. एका दातांच्या डॉक्टरांचा फोन आला, रविवारी बघायला येतात. मुलीला फोनवर सांगितलं तर ती ओरडलीच, "बाबा, आईला विचारलंत का?" म्हटलं, आईचा काय संबंध? तिकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग, "बाबा, तुम्ही खरंच ग्रेट आहात," म्हणाली. मुलं मोठी झाली की त्यांना आईबापांची किंमत कळायला लागते.

संध्याकाळी घरी आलो तर ही खाली गाडीत बसलेली. बंद गाडीत, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, एकटीच. मला बघून उतरली आणि जिना चढून गेली. निरोप घेत असावी. शेवटी दीड महिना एका छपराखाली नांदल्या, सवत झाली तरी माया लागतेच. गंमत करायला म्हणून हे लिहिलं खरं, पण हिची पाठ बघून आत काहीतरी तुटलं.

२ मार्च

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो, कारण अजून माझाच माझ्यावर विश्वास नाही.

डॉक्टर आले. गोरेगोमटे, इस्त्रीचे, हातमोजे घालून बॉनेट उघडणारे. मी सगळं खरं सांगितलं आणि त्यांना शेजारी बसवून चढावर नेलं. पाचवा गेअर, हलका पाय. सवतीने मला खोटं पाडलं नाही. ठक ठक ठक ठक. डॉक्टरांनी तोंड असं केलं की किडलेली दाढ दिसली असावी. फाटकाशी परत येऊन उतरले आणि म्हणाले, "गाडी मेलेली आहे. सुट्या भागांसाठी नेईन. दारं, दिवे, चाकं उपयोगी पडतील. इंजिन भंगारात."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

ही फाटकाशी उभी होती. पुढे आली आणि माझ्यापुढे हात पसरला. "किल्ली द्या."

"अगं, कशाला?"

"भंगार म्हणाले ते हिला. किल्ली द्या म्हणते ना."

मी इतका गोंधळलो की दिली. ही आत बसली. एका हाताने, न बघता, सीट झटक्यात पुढे ओढली. चार बोटं. आरसा खाली केला. मग डॉक्टरांना म्हणाली, "बसा. पट्टा लावा. नीट लावा."

गाडी गेली. गेली म्हणजे काय, होती तिथे नव्हती.

मी आणि खालच्या काकू फाटकात उभे. जरा वेळाने टेकडीकडून एक आवाज आला. मी तो कधीच ऐकला नव्हता. खालच्या सुरापासून चढत, चढत, वर नेऊन सोडला, आणि पुन्हा खालून. ठक नाही, ठोक नाही. मी काकूंना म्हटलं, "ही कुणाची हो गाडी? काय इंजिन आहे!"

"तुमचीच की," काकू म्हणाल्या. "आता त्या झाडामागून निघतील बघा. रोज तिथूनच निघतात."

"रोज?"

"दुपारी. वाचनालय बंद झालं की. अहो, तुम्हाला ठाऊक नाही?"

झाडामागून एक लाल रेघ निघाली आणि वळणावरून पाणी वळावं तशी वळली. आणि फाटकात उभ्या उभ्या माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. सीट. आरसा. पेट्रोल. किडे. पंखा! अरे देवा, तो पंखा!

डॉक्टर उतरले तेव्हा त्यांची इस्त्री मोडली होती आणि केस उभे होते. हातमोजे कुठे होते कुणास ठाऊक. "आत्ता घेतो," म्हणाले. "सांगाल त्या किमतीला. घासाघीस नाही. अशी मी गाडी... वहिनी, असं तुम्ही... आत्ता घेतो."

तेव्हा हिच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. गाडी चांगली आहे हे सिद्ध करायला गेली आणि त्यातच गाडी विकून बसली. चेहऱ्यावरचं हसू एका क्षणात उतरलं. किल्ली तिने माझ्या हातात ठेवली आणि पदराने स्टिअरिंग पुसायला लागली. नव्या मालकाला स्वच्छ द्यावी म्हणून.

मला राग आला होता. खरंच आला होता. मी बेअरिंगच्या काळजीने झुरत होतो आणि ही दुपारी वाऱ्यावर स्वार होत होती! पण ते पुसणं मला बघवेना.

मी डॉक्टरांना म्हटलं, "माफ करा. ही गाडी मला विकता येणार नाही. माझी नाहीये ती."

"मग कुणाची आहे?"

मी हिच्याकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी हिला विचारलं, विकता का? ही नुसती नाही, नाही अशी मान हलवत राहिली, आणि मग तिथेच, काकूंच्या देखत, गाडीला टेकून रडायला लागली. आणि रडता रडता हसायलाही.

३ मार्च

जाब विचारला. "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात. पहिल्या गेअरमध्ये, फाटकापर्यंत."

मी दुसरा प्रश्न काढला.

"आणि चालवायला शिकलीस कधी?"

"लग्नाआधी मामाच्या गाडीवर. तुम्ही कधी विचारलंत?"

२१ मार्च

बेअरिंग उघडली. हिनेच नाडीवैद्याला सांगितलं, उघडा म्हणून. त्याने एकेक अर्धुक फडक्यावर मांडलं. खालची गुळगुळीत. वरच्यांवर मात्र बारीक बारीक ठोक्यांच्या खुणा. काही जुन्या, आधीच्या मालकांच्या. काही ताज्या.

"ताज्या कुणाच्या?" मी विचारलं.

त्याने खाकरून घसा साफ केला. "साहेब, चढावर पाचव्या गेअरमध्ये रखडवली की पेट्रोलच्या स्फोटाचा सगळा मार या वरच्या अर्धुकांवर बसतो. वर सकाळी तासभर उभी पेटवून ठेवायची, मग पेट्रोल उतरून तेल पातळ. मी म्हटलं होतं गार असताना रेस देऊ नका. कधीच देऊ नका असं कुठे म्हटलं?"

"मग त्या दिवशी शेजारी बसलास तेव्हा बोलला का नाहीस?"

"मी डोळे मिटून ऐकत होतो ना," तो म्हणाला. तो ओशाळला आणि मीही. गेअरकडे आम्हा दोघांपैकी कुणीच बघितलं नव्हतं.

आतला दांडा शाबूत निघाला. माझ्या मायेचे अजून थोडे महिने, आणि तो गेला असता. पळवणारीने तिला काही केलं नाही, जपणारा तिला मारत होता. हे मी दोनदा वाचलं. कठीण आहे, पण खरं आहे. आणि फक्त गाडीबद्दल आहे असंही मला आता वाटत नाही.

६ एप्रिल

नवी बेअरिंग बसली, नव्याचे नऊ दिवस नरमाईने चालवून झाले. आज ही म्हणाली, "चला, आता मोकळी करते."

मी शेजारच्या सीटवर बसलो. टेकडी चढताना इंजिन त्या वरच्या सुराला गेलं आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो सरकारी नोकराला शोभणारा नव्हता. ही हसत होती. वाऱ्याने केस सगळे तोंडावर, आणि ही अशी मान मागे टाकून हसत होती. इतकी वर्षं संसार केला, पण ही अशी हसते हे मला ठाऊकच नव्हतं. रोज दुपारी काकूंनी ते बघितलं, किड्यांनी बघितलं, मीच तेवढा राहिलो होतो. मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की काय करावं सुचेना, म्हणून नुसता बघत राहिलो.

ही ओरडली, "अहो, माझ्याकडे काय बघताय? पुढे वळण आहे, रस्ता बघा!"

मी म्हटलं, "रस्ता तू बघ."